आत थांबायचं की बाहेर पळायचं? (टोकियो, १२ ऑक्टोबर २०१९)

नदीकाठची | १२ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. हे लिहायचं बरीच वर्षं मनात आहे, राहून जात होतं. गेल्या महिन्यात जपानच्या नोतो भागात अतिवृष्टी झाली. तिथे १ जानेवारीला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि ज्यांची घरं गेली त्यांना तात्पुरती घरं बांधून दिली होती. सप्टेंबरच्या पावसात त्यातल्या काही घरांतही पाणी शिरलं. ती बातमी आईला फोनवर सांगितली तर ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "आपल्या त्या दिवसासारखंच झालं की गं." त्या दिवसाला आज पाच वर्षं झाली.

आम्ही तेव्हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशीकासाई स्टेशनच्या उत्तरेला राहायचो. इथे आपली माणसं भरपूर आहेत, त्यामुळे बऱ्याच जणांना भाग माहीत असेल. एका बाजूला अराकावा नदी, दुसऱ्या बाजूला एदोगावा, दक्षिणेला समुद्र. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. तटबंदी आहे म्हणून शहर कोरडं आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला होता. त्याच्या मुखपृष्ठावर आमच्या भागावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : इथे थांबू नका. मोठा पूर आला तर पूर्व टोकियोच्या पाच वॉर्डांतले पंचवीस लाख लोक पाण्याच्या पट्ट्यात येतात आणि पाणी दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त उतरत नाही, असं त्यात होतं. मी ती पुस्तिका चाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

ऑक्टोबरात आई आमच्याकडे आली होती. आई पाटणची. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात ती दहा वर्षांची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते यामुळेच.

१९ नंबरचं वादळ येतंय (जपानमध्ये वादळांना नंबर असतो, बाहेर त्याचं नाव हागिबिस) हे आठवडाभर आधीपासून कळत होतं. समुद्रात असताना त्याचा दाब ९१५ हेक्टोपास्कलपर्यंत खाली गेला होता. शुक्रवारी हवामान खात्याने १९५८ च्या कानोगावा वादळाशी तुलना केली. त्या वादळात बाराशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली होती. हे ऐकल्यावर दुकानांतला पाव, पाणी, बॅटऱ्या, काचांना लावायची टेप, सगळं दुपारपर्यंत संपलं. माझ्याकडे मात्र सहा लिटर दूध होतं, कारण रविवारी १३ तारखेला कोजागिरी होती आणि मसाला दुधाची जबाबदारी माझ्यावर आणि सेइशिनचोतल्या मैत्रिणीवर होती. कार्यक्रम अर्थातच रद्द झाला. कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण. वादळाने समुद्र फुगवायचा आणि त्यात उधाणाची भरती, ही काळजी टीव्हीवरही सारखी सांगत होते.

शुक्रवारी संध्याकाळी आभाळ जांभळं झालं. लालसर नव्हे, पिकल्या जांभळाच्या आतल्या गरासारखं. आई बाल्कनीत उभी राहिली आणि म्हणाली, "चल आत. हे बघायचं आभाळ नव्हं."

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास खाडीपलीकडे चिबातल्या इचिहाराला चक्रीवात (टोर्नेडो) आला. घरांचे पत्रे उडाले, एक छोटा ट्रक उलटला आणि त्यातला माणूस गेला. वादळ अजून शेकडो किलोमीटर लांब होतं तेव्हाची ही गोष्ट. नंतर दहाच्या आत आमच्या फोनवर वॉर्डाची सूचना आली : शिन-नाकागावा नदीच्या पश्चिमेच्या, म्हणजे आमच्याही भागातल्या लोकांनी घरं सोडावीत. चार लाखांहून जास्त माणसं! दुपारपासून लोकल बंद होणार हे आदल्या दिवशीच जाहीर झालं होतं, त्यामुळे लांब कुठे जायचा प्रश्नच नव्हता.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जपानी दुसरा म्हणजे आपला पहिला. नवरा म्हणाला, शाळेत जाऊ. मी म्हटलं, आईला जमिनीवर बसवत नाही, आणि लेक चार वर्षांची. शेवटी मैत्रिणीकडे जायचं ठरलं. तिचा नववा मजला, इमारत काँक्रीटची, आणि सेइशिनचो ही समुद्रात भर घालून केलेली जमीन असल्यामुळे जुन्या वस्तीपेक्षा उंच आहे. पासपोर्ट, कार्डं, आईच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, तांदूळ, आणि ते सहा लिटर दूध. पाऊस तेव्हा टप्प्याटप्प्याने येत होता. अर्धा तास धो धो, मग दहा मिनिटं काहीच नाही. त्या उघडिपीत आम्ही चालत गेलो.

दुपारी साडेतीनला टोकियोसह सात प्रांतांसाठी पाचव्या पातळीचा, म्हणजे सर्वांत वरचा इशारा निघाला. निवेदक एकेक शब्द तोडून सांगत होता की आता जीव वाचवण्यासाठी जे शक्य असेल ते करा. हाकोनेत त्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, यावरून अंदाज करा.

आणि मग संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटं.

मैत्रीण कांदा चिरत होती. लेक आईच्या मांडीवर. आधी छताला टांगलेला दिवा हलला, मग कपाटातली भांडी एकमेकांवर वाजायला लागली. जपानमध्ये राहिल्यावर असे धक्के सवयीचे होतात, आम्ही सगळे नुसते जागच्या जागी थांबलो. आई मात्र उठली. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून उठायला हात द्यावा लागायचा, ती लेकीला काखेत मारून कुणाला कळायच्या आत दारापाशी पोचली. "आगं चला भाईर! भाईर चला!" तिने कडी काढली.

त्या इमारतींमध्ये दाराबाहेर बंद जिना नसतो, उघडी गॅलरी असते. दार वीतभर उघडलं आणि वाऱ्याने ते तिच्या हातातून हिसकून घेतलं. भिंतीवर आदळलं. पाऊस आडवा आत आला. दारातल्या चपला गॅलरीतून कुठल्या कुठे गेल्या. आई उंबऱ्यावर तशीच उभी. एक पाय आत, एक बाहेर. लेकीचं डोकं तिने छातीशी दाबून धरलेलं. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरू शकत नाही. पाटणच्या त्या रात्रीने तिला जन्मभराची एकच गोष्ट शिकवली होती, जमीन हलली की घर सोडायचं, आणि इथे घर सोडायची सोय नव्हती. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

मैत्रिणीच्या नवऱ्याने आणि माझ्या नवऱ्याने मिळून दार ओढून लावलं. तोवर धक्का थांबलाही होता. केंद्र चिबाच्या आग्नेयेला समुद्रात होतं. आमच्याकडे तो फार मोठा नव्हता, नवव्या मजल्यावर म्हणून जास्त जाणवला. मैत्रीण आईला म्हणाली, "काकू, परत हललं तर टेबलाखाली बसू." आई म्हणाली, "घरात बसलेली माणसं मी बघितल्यात, ढिगाऱ्याखालनं काढताना." त्यावर कोण काय बोलणार!

पण मैत्रीण शांतपणे तिच्याशेजारी बसली आणि तिने आईचा हात धरून भिंतीवर ठेवला. म्हणाली, "काकू, तुमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या होत्या, वर लाकडाची आढी आणि कौलं. ते सगळं माणसावर येतं. ही भिंत आतून लोखंडाने बांधलेली आहे, ही वाकते, कोसळत नाही. इथे पडतं ते कपाट, दिवा, काच. म्हणून टेबल." आईने त्या भिंतीवर बराच वेळ हात ठेवला होता.

सातच्या जरा आधी वादळ इझू द्वीपकल्पावर आदळलं. नऊच्या सुमारास आमच्याकडे वाऱ्याचा कहर. खिडक्या अशा थरथरत होत्या की प्रत्येक झोताला आईला वाटायचं, पुन्हा भूकंप. मग तिने स्वतःच युक्ती काढली. दूध तापवून स्टीलच्या पातेल्यात टेबलावर ठेवलं होतं, त्यावर साय धरली होती. ती त्या सायीकडे बघत बसली. खिडकी वाजायची, साय जिथल्या तिथे. "वारा हाय," ती म्हणायची. दर झोताला. "वारा हाय." लेकही तिच्याबरोबर म्हणायला लागली आणि त्यातच झोपून गेली.

त्या रात्री नऊनंतर अराकावावरचा इवाबुचीचा दरवाजा बंद केला. त्यामुळे नदीचं पाणी सुमिदा नदीतून शहराच्या पोटात शिरलं नाही. मध्यरात्रीपर्यंत वारा पडला, पण नदी चढतच होती. वरच्या डोंगरातलं पाणी खाली यायला वेळ लागतो. वादळ गेलं म्हणून घरी निघालेल्या कितीतरी जणांना हे लक्षात येत नाही. अराकावाची सर्वांत जास्त पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात होती. आमची तटबंदी टिकली. इतरत्र मिळून सुमारे १४० ठिकाणी बांध फुटले, जवळजवळ शंभर माणसं गेली. नागानोत चिकुमा नदीने शिंकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) दहा गाड्या यार्डात उभ्याच्या उभ्या बुडवल्या, ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

दूध आम्ही रात्री एकला प्यायलो. वेलची होती, केशर घरीच राहिलं होतं.

मला हे विचारायचंय : ज्यांच्यावर अशी दोन संकटं एकदम आली, ज्यातलं एक म्हणतं आत थांब आणि दुसरं म्हणतं बाहेर पळ, त्यांनी काय केलं? मला वाटतं हे आधीच, शांत डोक्याने, आपलं घर कशाचं आहे आणि कितव्या मजल्यावर आहे ते बघून ठरवून ठेवायला हवं. त्या क्षणी ठरत नाही. पाय ठरवतात, आणि पायांना फक्त जुनं आठवतं.

---

मोरणाकाठ

ताई, लिहिलेलं दोनदा वाचलं. मीही पाटण तालुक्यातला, तेव्हा चौदा वर्षांचा होतो. ११ डिसेंबर, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. थंडी मी म्हणत होती, म्हणून सगळे आत, दारं लावून झोपलेले. उन्हाळा असता तर निम्मं गाव अंगणात असतं. तुमच्या आईचं बरोबर आहे, जे आत राहिले ते राहिले. आम्ही त्यानंतर कित्येक महिने पालात झोपलो. वर कौल असलं की झोप लागायची नाही. माझ्या आजीने तर मरेपर्यंत घराच्या आत अंथरूण टाकलं नाही, पडवीतच.

आईंना माझा नमस्कार सांगा.

---

अनघड

एक शंका. वादळाचा दाब कमी झाल्यामुळे भूकंप झाला असेल का? तेव्हा असे मेसेज बरेच फिरले होते. त्या जांभळ्या आभाळाचाही संबंध जोडला होता.

---

खडकसाठी

@अनघड, त्या भागात पॅसिफिक आणि फिलिपीन समुद्राची अशा दोन प्लेट जपानच्या खाली सरकतात. तिथे मध्यम भूकंप वर्षभर होतच असतात. त्या दिवशी वादळ आलं नसतं तरी तो होऊ शकला असता. जांभळं आभाळ म्हणजे मावळतीचा प्रकाश दमट हवेतून आणि ढगांतून विखुरला जातो, त्याचा रंग. ते वादळाच्या आधी दिसतं, भूकंपाशी त्याचं काही नातं नाही.

कोयनेचं मात्र वेगळं. धरणातल्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचं उदाहरण देतात.

---

खाडीपलीकडे

मी इचिहाराजवळ राहतो. तुम्ही ज्या चक्रीवाताबद्दल लिहिलंय तो आमच्यापासून फार लांब नव्हता. पण आमची गोष्ट त्याच्याही महिनाभर आधी सुरू होते. ९ सप्टेंबरला १५ नंबरचं वादळ आलं. गोल्फच्या सराव मैदानाचा लोखंडी सांगाडा शेजारच्या घरांवर कोसळला, आठवत असेल. आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती, काही गावांत त्याहून कितीतरी जास्त. छप्परं उडालेल्या घरांवर निळी ताडपत्री बांधून वर वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या. त्या पिशव्यांतली वाळू सुद्धा अजून बसली नव्हती, तोवर १२ ऑक्टोबर. आणि पुन्हा २५ ऑक्टोबरला अतिवृष्टी.

माझ्या शेजारच्या आजोबांनी तीनदा ताडपत्री बांधली. तिसऱ्यांदा मी वर चढलो, ते खालून दोरी धरून उभे होते. दोरीची गाठ कशी मारायची ते त्यांनीच शिकवलं. छप्पर दुरुस्त करणारा माणूस मिळायला त्यांना पुढचं वर्ष उजाडलं.

एकाच दिवसात तीन संकटं तर येतातच, पण पहिल्याचं घर दुरुस्त व्हायच्या आत दुसरं येणं हेही तितकंच वाईट. त्यात माणूस आतून खचतो.

---

कौलारू

तुमचा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षं रोज रात्री होता, म्हणून लिहितो. मी डहाणू-तलासरी भागात शिक्षक होतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर धक्के सुरू झाले. एखादा मोठा होऊन संपला असं नाही. आज दोन, उद्या पाच, मग आठवडाभर काही नाही, मग मध्यरात्री जमिनीतून तोफ डागल्यासारखा आवाज. फेब्रुवारी २०१९ मध्ये घाबरून बाहेर पळताना पडून एक लहान मुलगी गेली. म्हणजे धक्क्याने नाही, पळण्याने.

लोकांना तंबू दिले होते. उन्हाळ्यात ठीक. पण जून आला आणि पाऊस सुरू झाला तेव्हा काय करायचं? तुम्ही आमच्याकडचा पाऊस बघितला असेल तर कळेल, तंबूत वरून नाही, खालून पाणी येतं. भात लावून दिवसभर चिखलात राबलेली माणसं संध्याकाळी पुन्हा ओल्या तंबूत. लहान मुलांना ताप, खोकला. आणि साप. पावसात बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत येतात, आणि कोरडी जागा म्हणजे तंबूतली गोधडी.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरच्यांनी काय केलं ते सांगतो. कुडाचं घर होतं त्यांचं, कारवीच्या भिंती, वर शेणमाती. सरकारी घरकुलात विटांची खोली मिळाली होती, ती त्यांनी सामानाला ठेवली आणि स्वतः पुन्हा जुन्या कुडात राहायला गेले. बाप म्हणाला, "गुरुजी, कूड पडला तर अंगावर शेण पडंल. विटा पडल्या तर पोर जाईल." पाऊस लागत नाही आणि पडलं तरी माणूस मरत नाही, असं घर त्याच्याकडे आधीपासून होतंच. तुमच्या मैत्रिणीने आईंचा हात भिंतीवर ठेवला ना, तेच हे. भिंत कशाची आहे यावर सगळं आहे.

---

नदीकाठची

@कौलारू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "कूड पडला तर शेण पडंल" यावर तिने मान डोलावली आणि म्हणाली, आमच्या वस्तीतही छपरातली माणसं वाचली होती, माडीवाल्यांचंच जास्त गेलं.

@खाडीपलीकडे, दोरीची ती गाठ कशी मारायची ते जमल्यास लिहा. खरंच उपयोगी पडेल.

---

रोठा

श्रीवर्धन. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. त्या दिवशी आमच्याकडे भूकंप नव्हता, पण कोविड होता. तिसरं संकट असंही असतं. घरातून बाहेर पडू नका हे दोन-अडीच महिने ऐकत होतो, आणि अचानक किनाऱ्यावरच्या लोकांनी शाळेत चला. शाळेत एका वर्गात चाळीस माणसं! तोंडाला फडकं बांधून, एकमेकांपासून तोंडं फिरवून बसलेली. माझे वडील दम्याचे. ते म्हणाले, मी घरीच थांबतो, वाऱ्याने मरेन तर एकटा मरेन. शेवटी आम्ही सगळेच थांबलो. घर जांभ्याचं आणि भिंती जाड, म्हणून थांबलो. पत्र्याचं असतं तर नसतो थांबलो.

दुपारी एकनंतर जे सुरू झालं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. आवाज एवढा होता की माड पडतोय हे दिसायचं, ऐकू यायचं नाही. मग जरा शांत झालं. भाऊ वाडीत बघायला निघाला, वडिलांनी त्याचा शर्ट मागून धरला. थोड्या वेळाने वारा उलट बाजूने आला. पहिल्या वाऱ्याने जे नुसतं वाकलं होतं ते दुसऱ्याने पाडलं.

सुपारीची बाग आजोबांनी लावलेली. रोठा सुपारी. झाड लावल्यापासून धरायला सात-आठ वर्षं जातात. संध्याकाळी वाडीत गेलो तर घरातून थेट समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता.

---

सावित्रीचं पाणी

महाडहून लिहितेय. २२ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून पाणी चढत होतं, बाजारपेठेत ते दुसऱ्या मजल्याला टेकलं. आम्ही माळ्यावर. वीज नाही, फोन नाही, रेंज नाही. आम्हाला वाटत होतं की जगात सगळ्यात वाईट आपलंच चाललंय. त्याच दिवशी तालुक्यातच तळीयेला डोंगर खाली आला, आणि हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. शहर पाण्यात असल्यामुळे मदतीला जाणारी माणसंही तिथे वेळेत पोचू शकली नाहीत. ऐंशीहून जास्त माणसं.

त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातलं बरंच पाणी सावित्रीतून आमच्याकडेच उतरतं.

एका संकटाने दुसऱ्या संकटाचा रस्ता अडवला. मी नेहमी या एका गोष्टीवर येऊन थांबते. माझी चुलत नणंद त्या बाजूच्या वाडीत दिलेली आहे. ती वाचली. पण त्या दिवशी तिला फोन लागत नव्हता तेव्हा मी तिच्यावर चिडले होते, की आम्ही पाण्यात आहोत आणि ही फोन उचलत नाही.

---

स्पष्टवक्ता७

जपानचं कौतुक वाचून एवढंच वाटतं की तिथे शिस्त आहे, यंत्रणा आहे. आपल्याकडे ना इशारा वेळेत, ना मदत. तुलना करण्यात अर्थ नाही.

---

नदीकाठची

@स्पष्टवक्ता७, मी कौतुक करायला लिहिलेलं नाही. इतक्या इशाऱ्यांनंतरही शंभराच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बरीच बाहेर, गाडीत असताना गेली. कुणी कामावरून परतत होतं, कुणी नातेवाइकांना बघायला निघालं होतं. टोकियोतल्याच एका वॉर्डात निवारा मागायला आलेल्या बेघर माणसांना, तुमचा इथे पत्ता नाही म्हणून परत पाठवलं. वर एवढा पाऊस कोसळत असताना. त्यावर पुढे बरंच काहूर उठलं आणि त्यांनी माफी मागितली, पण ती रात्र त्या माणसांनी कुठे काढली असेल!

आणि आपल्याकडे सगळं वाईट असंही नाही. वर रोठा यांनी लिहिलंय ते वाचा. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना निसर्गच्या आधी हलवलं होतंच, तेही साथीच्या काळात.

---

सागामीकर

१२ तारखेला मी सागामी नदीच्या खालच्या अंगाला राहत होतो. वर शिरोयामा धरण. सरकारने दुपारी जाहीर केलं, संध्याकाळी पाचला आणीबाणीचा विसर्ग. मग पुढे ढकलला. मग रात्री दहाला म्हणाले. आणि प्रत्यक्षात साडेनऊला सोडलं. पानशेतच्या गोष्टी ऐकत मोठा झालेला पुण्याचा माणूस मी. विसर्ग हा शब्द ऐकला की आमच्या घरात आजही सगळे गप्प होतात. त्या संध्याकाळी भूकंप झाला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार घराचा आला नाही, धरणाच्या भिंतीचा आला.

बायको म्हणाली, चल निघू. बाहेर झाडं पडत होती. निघालो नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं दार वाजवलं, त्यांनी काही न विचारता आत घेतलं. चार वर्षांत आम्ही एकमेकांशी गुड मॉर्निंगपलीकडे बोललो नव्हतो. त्यांच्या बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलेलं होतं आणि दारात प्रत्येकाचे बूट ओळीने, टोकं बाहेरच्या दिशेला.

---

मुळामुठा

मी पुण्यात नदीकाठच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. पूररेषेच्या आत आहोत हे घर घेताना कुणी सांगितलं नाही. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले. नेमकं काय ठरवून ठेवू? मनापासून विचारतोय.

---

नदीकाठची

@मुळामुठा, मी तज्ज्ञ नाही, आम्ही काय केलं तेवढं सांगते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचं एक घर आजच ठरवा आणि त्यांना तसं जाऊन सांगा. सासऱ्यांना उचलून न्यायला चार माणसं लागतात, ती कोण, हेही. एकदा रिकाम्या खुर्चीने जिना चढून बघा, वळणावर खुर्ची अडते की नाही ते कळतं. आमची अडली होती. पाणी येतंय म्हटल्यावर लिफ्ट धरू नका. आणि खडकवासल्याचा विसर्ग वाढला की पाणी आवारात दिसायची वाट न बघता वर जा, रात्री वाढेल असं वाटलं तर अंधार पडायच्या आत. वर गेलात आणि काही झालं नाही, तर चहा पिऊन खाली या.

पलंगाच्या डोक्याशी जड कपाट असेल तर तेवढं आजच हलवा.

@मोरणाकाठ, आईने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तिच्या शब्दांत लिहिते : "त्यांना विचार, त्यांच्या गोठ्यातली दावी कुणी सोडली?" त्या रात्री तिचे वडील पोरांना बाहेर काढून पुन्हा आत गेले होते, गुरांसाठी. तिला अजून वाटतं की सगळ्यांच्याच घरी कुणीतरी परत गेलं असणार.

---

मोरणाकाठ

ताई, आईंना सांगा, आमच्याकडं आमचे थोरले चुलते गेले. सोडायला वेळ नव्हता, गाठी ओढून घट्ट झाल्या होत्या. त्यांनी विळ्यानं कापली. दोन बैल आणि गाय निघाली. म्हशीचं दावं साखळीचं होतं.

चुलते बाहेर आले ते विळा हातात तसाच धरून, उजाडेपर्यंत. कुणी घेतला नाही आणि त्यांनी ठेवला नाही.